निवटी गेला, हिटर आला

आमच्या वरोर गावात दोन विषयांवर माणसं जेवण विसरून भांडतात. एक वाढवण बंदर, आणि दुसरा, लाँग-ऑनला कोण उभं राहणार. पहिल्या विषयात 76,200 कोटींचा आकडा आहे, 30 ऑगस्ट 2024 चं भूमिपूजन आहे, मोर्चे आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. तो थट्टेवारी नेण्याचा विषय नाही, म्हणून मी मुकाट दुसऱ्याकडे वळतो.

तर लाँग-ऑनचा पोरगा. गाव त्याला निवटी म्हणतं. खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारत पळणारा तो मासा ज्याने कधी हाताने धरायला बघितलाय, त्याला या नावाचं कारण सांगायला नको. दिवसभर हा डायच्या कामाला असतो. चिंचणी-वरोर-वाढवण पट्ट्यात हा जुना घरगुती धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवणार. दिव्याखाली मान घालून, डोळ्याला भिंग लावून, तांदळाएवढ्या फुलाला पाकळ्या पाडत बसलेला निवटी बघितला, तर हा उठून स्वतःचं पाणी तरी घेईल का, अशी शंका येते. संध्याकाळी ओहोटी लागली आणि किनाऱ्यावर स्टंप ठोकले, की हाच पोरगा असा सुटतो की बॉल कुठे मारला हे बॅट्समनला कळायच्या आत हा तिथे जाऊन उभा. बॅटिंगला मात्र अकरावा. बारावा नंबर नसतो म्हणून अकरावा.

गेल्या मोसमात गावच्या क्रिकेट संघाची कमिटी बसली. सेक्रेटरींनी विषय मांडला, "टेनिस क्रिकेटात फिल्डिंग आता बघतो कोण? लोकांना सिक्स पाहिजे. मॅच यूट्यूबवर लाइव्ह जाते. निवटी दिसतो का त्यात? तो फ्रेमच्या बाहेरच पळत असतो!" मुद्दा बिनतोड होता. निवटीला बसवून बोईसरकडचा एक हिटर आणायचं ठरलं. जाण्यायेण्याचं पेट्रोल, नाश्ता, आणि जिंकलो तर रात्री कोंबडी.

हिटर आला. दंड असे, की टी-शर्टच्या बाह्या आपणहून वर सरकलेल्या. पहिल्याच सामन्यात त्याने दोन बॉल असे भिरकावले की एक बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर पडला आणि दुसरा भरतीबरोबर परत येईल म्हणून आम्ही वाट बघितली. गाव खूश. मग फिल्डिंग आली. निवटीच्या जागेवर, लाँग-ऑनला, हिटर कमरेवर हात ठेवून उभा. बॉल त्याच्या अंगावरून गेला, की पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायला जावं तसा तो बॉलच्या मागोमाग सावकाश चार पावलं जायचा, आणि थांबायचा.

स्कोअरची वही माझ्याकडे असते, म्हणून हा अन्याय माझ्या पेनाखालून जातो. मारलेल्या सिक्सला वहीत घर आहे, अडवलेल्या चौकाराला नाही. निवटीने कोपरं सोलून चाराचे दोन केले, तरी वहीत फक्त दोन पडतात, तेही बॉलरच्या खात्यात. मी न राहवून समासात पेन्सिलीने नवा हिशेब सुरू केला, 'निवटी असता तर'. एका रविवारी हिटरच्या 26 धावा झाल्या आणि त्याच्या अंगावरून गेलेल्या 19. म्हणजे नफा सात धावा. त्यातून पेट्रोल, नाश्ता आणि समुद्रार्पण झालेले बॉल वजा करायचे. सेक्रेटरी म्हणाले, "समासात लिहिलेलं ऑडिटला चालत नाही."

हे गाऱ्हाणं मी शिकागोच्या भाच्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, हे आमच्याकडे 1964 सालीच झालंय." याला तिकडे जाऊन दहा वर्षंही झालेली नाहीत, पण 'आमच्याकडे'! शिकागो कब्ज हा त्यांचा बेसबॉल संघ. त्यांच्याकडे लू ब्रॉक नावाचा वाऱ्यासारखा पळणारा आउटफिल्डर होता, म्हणजे बाउंड्रीकडचा फिल्डर. 15 जून 1964 ला कब्जनी तो सेंट लुइसच्या कार्डिनल्सना देऊन टाकला आणि बदल्यात मुख्यतः अर्नी ब्रॉलिओ हा पिचर घेतला. आधीच्याच वर्षी ब्रॉलिओने 18 सामने जिंकून दिले होते, त्यामुळे शिकागोत आपणच सेंट लुइसला गंडवलं म्हणून आनंदीआनंद. पण ब्रॉलिओचं कोपर दुखावलेलं. कब्जसाठी त्याने पुढे एकूण सात सामने जिंकले. तिकडे कार्डिनल्सनी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज नेली. त्या खेळात पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळण्याला चोरीच म्हणतात आणि ती अभिमानाने मोजतात. ब्रॉकने कारकिर्दीत 938 चोऱ्या केल्या. एवढा ऐवज गोळा करून माणूस तुरुंगात न जाता हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मी हे कमिटीत सांगितलं, तर सेक्रेटरींचा मुलगा मोबाइल घेऊन तयारच. म्हणे, 1974 साली ओकलंडच्या बेसबॉल संघाच्या मालकाने हर्ब वॉशिंग्टन हा धावपटू फक्त पळण्यासाठी पगारावर ठेवला. दोन मोसमांत 105 सामने, बॅट एकदाही हातात घेतली नाही. आणि ऐन वर्ल्ड सिरीजमध्ये, नवव्या इनिंगला, पहिल्या बेसजवळ उभ्या उभ्या बाद! "नुसता पळणारा काय कामाचा?" कमिटीने माझ्याकडे बघितलं. मी रात्री भाच्याला पुन्हा फोन लावला. तेव्हा त्याने जरा चाचरत सांगितलं, की ब्रॉकचं नाव झालं ते बॅटिंग आणि बेसवरच्या पळण्यामुळे. फिल्डिंगला तो यथातथाच, चुकाही भरपूर करायचा. हे आधी सांगायला याचं काय जात होतं?

पण त्याच फोनमध्ये एक रत्न हाती लागलं. बेसबॉलवाल्यांनी अडवलेल्या धावांचासुद्धा तक्ता केलाय. त्याहून वरताण म्हणजे प्रत्येक खेळाडूची किंमत एका काल्पनिक बदली खेळाडूशी ताडून काढतात. हा बदली म्हणजे कुठेही, केव्हाही, किमान पगारात मिळणारा माणूस. सगळा संघ असल्यांचाच केला तर 162 पैकी साधारण 48 सामने तरी जिंकेल, इथपर्यंत गणित पोचलेलं. अमेरिकेला हा माणूस कल्पनेने उभा करावा लागतो. आमच्याकडे तो प्रत्यक्ष आहे. खजिनदारांचा मेहुणा. दर रविवारी बूट घालून बाउंड्रीबाहेर खुर्चीवर बसलेला असतो. मी हिशेब केला: मेहुण्यापेक्षा हिटर सरस, निवटीही सरस, आणि दोघांतलं अंतर एका बॉलच्या किमतीएवढं. हे मात्र मेहुण्यासमोर वाचून दाखवायला नको होतं, असं खजिनदारांचं मत पडलं.

तोड काढली ती मास्तरांनी. 14 नोव्हेंबर 1993 ला ब्रेबॉर्नवर जाँटी ऱ्होड्सने वेस्ट इंडीजचे पाच झेल घेतले तेव्हा मास्तर स्टँडात होते, निदान ते तसं सांगतात. त्यामुळे फिल्डिंगच्या बाबतीत त्यांचा शब्द चालतो. आयपीएलमध्ये 2023 पासून इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामन्यात मधेच बदलून घेता येणारा खेळाडू, आहे, पण आमच्याकडे तो नियम नाही. मात्र खेळाडू जखमी झाला तर बदली फिल्डर चालतो, हे क्रिकेटात पूर्वापार. 2005 च्या अ‍ॅशेसमध्ये ट्रेंट ब्रिजला गॅरी प्रॅट नावाचा, एकही कसोटी न खेळलेला पोरगा असाच बदली म्हणून आला आणि थेट स्टंप उडवून पाँटिंगला धावबाद करून गेला. पाँटिंग पॅव्हेलियनपर्यंत तोंडाचा पट्टा चालवत गेला म्हणतात. "नियमात बसतं," मास्तर म्हणाले, "फक्त हिटर जखमी व्हायला पाहिजे."

तेव्हापासून हिटर बॅटिंग संपवून परतताना शेवटची दहा पावलं लंगडतो. निवटी डायच्या कामावरून थेट येतो, बोटांना पोलादाची काळी भुकटी तशीच, आणि लाँग-ऑनला जातो. परवा चिंचणीचे अंपायर होते. त्यांनी हिटरला हाताने थांबवलं.

"मागच्या रविवारी डावा पाय होता ना?"

हिटरने मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "दोन्ही त्याचेच आहेत. पाळीपाळीने दुखतात."

अंपायरांनी खिशातून कागद काढला, काहीतरी लिहिलं, आणि निवटीला आत जायची खूण करत म्हणाले, "पुढच्या रविवारी कुठला, ते आत्ताच सांगून ठेवा. त्या दिवशी मी नाही, माझा भाऊ उभा राहणार आहे."