झेंडे खळ्यातच राहू देत

26 ऑगस्ट 2024 च्या दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा 35 फुटी पुतळा कोसळला. 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, पंतप्रधानांनी त्याचं अनावरण केलं होतं. नऊ महिनेसुद्धा तो टिकला नाही. दोनच दिवसांनी त्याच जागी दोन बाजूंचे कार्यकर्ते समोरासमोर आले, घोषणा झाल्या, दगड उडाले. राजा पडला म्हणून जीव तुटत होता, आणि त्याच्याच किल्ल्यात आपण एकमेकांवर धावून जात होतो. लोकसभा नुकतीच झाली होती, विधानसभा दारात होती. तेव्हा नाक्यावर चहा प्यायचा तरी आधी बाकावर कोण बसलंय ते बघावं लागे.

आणि दहा दिवसांनी चतुर्थी आली.

आमच्याकडे गणपती मंडळाचा नसतो, घराचा असतो, आणि तोही मूळ घराचा. चुली वेगळ्या झाल्या, बांधावरून कोर्टकचेरी झाली, तरी कितीतरी घरांत गणपती एकच. म्हणजे थोरला मशालवाला, मधला धनुष्यबाणवाला, मुंबईहून आलेला धाकटा कमळवाला, आणि तिघे मिळून गणपतीवर एकच माटवी बांधणार. कवंडाळं कोणी रानातून आणायची, नारळ कोणी उतरवायचे, नेवऱ्या कोणी तळायच्या, हे पक्ष विचारून ठरत नाही. आरती संपली की वाडीतली भजनाची मंडळी पुढच्या घरच्या ओसरीवर. बुवाने अभंग उचलला की मागे कोरस धरावाच लागतो, आणि शेजारी झांज वाजवणारा त्या दिवशी राजकोटावर पलीकडच्या बाजूला उभा होता, म्हणून ताल सोडता येत नाही. ताल चुकला तर दोघांचाही चुकतो. मग काळ्या वाटाण्याची उसळ, चहा, आणि मध्यरात्री बायकांच्या फुगड्या.

मला आशा वाटते ती या ओसरीवर.

कोणी विचारेल, पुतळा पडलेला असताना फुगड्या कसल्या घालता? हा प्रश्न मला मान्य नाही. चोवीस तास संतापलेला माणूस महिन्याभरात थकतो, आणि थकलेला माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. बेजबाबदार माणसांना तेच हवं असतं. राजकोटावर 2025 च्या मे महिन्यापासून नवा, 60 फुटी पुतळा उभा आहे. त्याला मनापासून मुजरा. पण पहिल्याचं काम कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं, हे विचारायचा आपला हक्क दुसऱ्याच्या उंचीखाली गाडला जात नाही. रात्रभर भजनात बसलेला माणूस सकाळी ग्रामसभेत हे जास्त ठामपणे विचारतो. त्याच्या मागे कोरस असतो.

शिवाय आमचा आनंद कधी भांडणाशिवाय नव्हताच. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी सातासमुद्रापार नेलं. त्यात आहे काय? गावात नाटक बसवताना होणारी भांडणं. हमरीतुमरीवर येणारी माणसं शेवटी एकाच पडद्यामागे तोंडाला रंग लावतात. मालवणी माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही, पण गेल्या काही वर्षांत त्याला ते विसरायला लावायचा जोरदार प्रयत्न चाललाय.

कारण पुढाऱ्यांनाही ओसरीची ताकद कळली आहे. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, बॅनरवर बुवांपेक्षा मोठा फोटो प्रायोजकाचा. चाकरमान्यांसाठी पक्षांच्या नावाने मोफत गाड्या सुटतात. त्या गाडीत खुशाल बसा. चतुर्थीला घरी पोचणं महत्त्वाचं, आणि मत काही तिकिटाबरोबर जात नाही. पण वाडीतल्या भजनाला पक्षाच्या नावाचे टी-शर्ट घेऊ नका. एकदा ते अंगावर चढले की पलीकडच्या घरचा माणूस पुढच्या वर्षी बारीला येणार नाही. मग मृदंग कोण वाजवणार? गावात चांगला मृदंग वाजवणारा बहुतेक एकच असतो.

वर्गणी काढा. शंभर-दोनशे रुपयांत उसळ होते. झेंडे खळ्यात, म्हणजे अंगणात, चपलांपाशी ठेवा, जाताना ज्याचा त्याने न्यावा. पुढारी आले तर दूर्वा-फुलं देऊन बसवा, पाहुणा तो पाहुणा. माइक मात्र बुवांकडेच राहू द्या, आणि पुढाऱ्याच्या हातात झांज द्या.