वकिलीणबाईंचा खांदा

"वहिनी, ती चादर ऱ्हाऊ द्या दोरीवर, आधी हिकडं या. कळलं का? वकिलीणबाईंच्या सुनेनं सासूला भाकऱ्यांतनं सुट्टी दिली!"

"परवापर्यंत तर 'नाटकं करतात' म्हणत होती."

"तेच तर! पाहुणे आले की बरा खांदा उठतो, म्हणायची. दिवाळीला दुखला, मधी थांबला, संक्रांतीला पुन्हा धरला. खरं सांगू का, मलाबी पटायचं नाही. भजनात टाळ्या वाजवताना काही होत नव्हतं बाईंना."

मावशींचं 'खरं सांगू का' सुरू झालं की पुढचं निम्मं ऐकीव असतं. पण इथे वहिनी तयारीत होत्या.

"टाळीला खांदा कुठं लागतो, मावशी? वेणी घालायला लागतो. महिन्यापूर्वी त्या माझ्याकडून वेणी घालून घ्यायला आल्या, 'सून कामात आहे' म्हणून. तेव्हाच मनात आलं, हात मागे जात नाहीये."

"मग बोलला नाहीत ते! तोवर काय काय झालं ठाऊक हाय का? निरगुडीचा पाला शेकला, टीव्हीवरचं तेल झालं. कुठल्याशा हाड बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं असा हिसका दिला की बाई रात्र रात्र उशी कवटाळून बसल्या. एकानं दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्यानं पित्त उसळलं. मग कुणीतरी म्हणालं, सोलापूरला जाऊन एमआरआय काढा. वकीलसाहेबांनी हिशेब केला. बाईंना एसटीत अर्धं तिकीट, त्यांना पुरं. म्हणाले, तू एकटीच जाऊन ये!"

"त्या गेल्याच नाहीत सोलापूरला. माझा भाचा इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकतो, 2022 साली सुरू झालं ना, तिथंच. तोच त्यांना ओपीडीत घेऊन गेला."

"अगं बया! आन् मला आत्ता सांगताय?"

"तुम्हाला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. तर हाडांच्या डॉक्टरांनी आधी बाईंना स्वतः हात वर करायला सांगितला. छातीच्या वर जाईना. मग त्यांनी धरून उचलला, तरी तिथंच अडला. कोपर कुशीला लावून पंजा बाहेर वळवायला लावला, तर गंजलेल्या बिजागरीसारखा जागच्या जागी. म्हणाले, फ्रोजन शोल्डर. सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आवळते. एक्सरे काढला, तो साफ. एमआरआयची गरज नाही म्हणाले. आणि मग विचारलं, शुगर कधी तपासली?"

"शुगर? दुखतोय खांदा की!"

"मलाही तसंच वाटलं. पण साखरवाल्यांना हा खांदा इतरांपेक्षा कितीतरी जास्त धरतो. थायरॉइडवाल्यांनाही. वय चाळीस ते साठ, त्यात बायकाच जास्त. बाईंची तीन महिन्यांची साखर निघाली साडेआठ. साडेसहाच्या पुढे गेली की मधुमेह धरतात. घरात कुणाला पत्ता नव्हता."

मावशी क्षणभर गप्प. मग आवाज उतरला.

"वहिनी, माझी धाकटी जाऊ भूमकडं खव्याच्या भट्टीवर उलथणं फिरवती. किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध आटवायचं, हात थांबला की बुडाला लागतंय. तिचाबी उजवा खांदा जातो न् येतो. हेच असंल का?"

"तुम्ही तिचा हात उचलला तर जातो का वर?"

"जातो की. ती स्वतः उचलायला गेली की मधीच कळ निघती. त्याच्या वर गेला की पुन्हा बरं."

"मग हे ते नसावं. खांद्याला आवळून धरणारे चार स्नायू असतात, त्यांच्या कंडरा घासल्या की असं होतं, भाचा सांगत होता. पण ते डॉक्टरांनीच हात लावून ठरवायचं. शेजारणीचं तेल तिला चालेल असं नाही. आणि डावा खांदा चालताना दुखला, थांबल्यावर कमी झाला, वर घाम फुटला, तर तेलाची बाटली शोधूच नका. आधी छाती तपासायची."

"आता बाईंना काय दिलंय?"

"व्यायाम. पुढे वाकून हात लोंबता ठेवून झुलवायचा, भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, पाठीमागे टॉवेल धरून ओढायचा. सोसेल तेवढंच, हिसका नाही. इंजेक्शनही देतात सांध्यात, पण त्यानं काही दिवस साखर वाढते, म्हणून आधी साखर आटोक्यात. आणि बरं व्हायला वर्ष लागेल, कुणाला तीनही लागतात."

"तीन वर्षं! एवढं शिकून हे डॉक्टर करतात काय?"

"अमेरिकेतल्या कॉडमन नावाच्या डॉक्टरनं 1934 सालीच लिहून ठेवलंय, हे दुखणं समजवायलाही अवघड आणि बरं करायलाही. निदान खरं तरी बोलला."

"म्हणून सून मऊ पडली होय."

"सून तिथंच उभी होती. डॉक्टरांनी हात धरून उचलला, तेव्हा अडलेला तिनं डोळ्यांनी पाहिला. नाटकातला हात दुसऱ्यानं उचलला की जातो वर. परत येताना सासूची पिशवी तिच्याच खांद्यावर होती म्हणे."

"आन् वकीलसाहेब?"

"त्यांचीही शुगर तपासली. किती आली ते सांगत नाहीत."

"नका सांगू म्हणावं. काल किराणा घ्यायला मी दुकानातच होते. त्यांच्या यादीत साखरेच्या आकड्यावर काट मारून निम्मी लिहिली होती, अन् अक्षर सुनेचं होतं."