आधी सॉफ्टवेअर, मग सूर

सिनेमाला शोभेल असं भव्य ऑर्केस्ट्रा संगीत करायचं, तर आधी सॉफ्टवेअर ठरवायला हवं. आणि ते ठरवणं म्हणजे स्थळं पाहणं: पत्रिका जुळेपर्यंत मुलगा चाळिशीला टेकतो. हान्स झिमर क्युबेस वापरतो, म्हणून क्युबेस. डॅनी एल्फमन डिजिटल परफॉर्मरवाला निघतो, की पुन्हा विचार. लॉजिक हवं तर मॅक घ्या. २००२ मध्ये अ‍ॅपलने लॉजिक बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजवाल्यांना दार बंद झालं. रीपर ६० डॉलरला मिळतं, पण इतक्या स्वस्तात सिम्फनी? मन घेत नाही.

खरी कटकट वेगळीच. व्हायोलिनची एक साधी ओळ: आधी लांब सूर, मग दोन तुटक, शेवटी तारा बोटांनी छेडायच्या. क्युबेसचा एक्स्प्रेशन मॅप किंवा लॉजिकचा आर्टिक्युलेशन सेट नीट भरला, तर हे सगळं एकाच ट्रॅकवर बसतं. नाहीतर प्रत्येक तऱ्हेला वेगळा ट्रॅक. पण तो मॅप भरायला बसतो कोण? गप्पा रंगतात त्या कुणाचं ऑडिओ इंजिन जास्त गोड वाजतं यावर.

जॉन विल्यम्स म्हणे पियानोशी बसून पेन्सिलीने लिहितात. एचबी की टूबी, एवढं कुणी सांगितलं तर आजच मागवता येईल.