पॅरिस की लिस्बन: एक बोईसरी निवाडा

बोईसर-पालघरच्या माणसाच्या खिशाला युरोपातले एकच शहर झेपणार असेल, तर त्याने पॅरिस सोडून लिस्बनला जावे, असे माझे ठाम मत आहे. मी दोन्ही शहरे पाहिलेली नाहीत, त्यामुळे या मतात अनुभवाची भेसळ नाही. जाऊन आलेली माणसे टॅक्सी महाग होती आणि पाणी विकत घ्यावे लागले एवढेच सांगतात. तत्त्वविचार घरी बसलेल्यालाच जमतो. पॅरिसविरुद्धचा पहिला पुरावा असा की, ते आपले आधीच पाहून झालेले असते. आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला आणि पुढे कॅलेंडर, कीचेन, बिस्किटांचे डबे असा प्रवास करत आपल्या शोकेसपर्यंत पोहोचला. लूव्र संग्रहालयातली मोनालिसा जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. तिच्यासमोरची गर्दी मात्र विरारला संध्याकाळची डहाणू लोकल लागल्यावर होते तशी. या गर्दीसाठी व्हिसाचे नव्वद युरो कशाला भरायचे?

तरीही लोक पॅरिसलाच जातात, कारण पॅरिस समजावून सांगावे लागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टॉवरसमोरचा एक फोटो टाकला की काम झाले. लिस्बनचे तसे नाही. ‘ते कुठे आलं?’ असे कोणीतरी विचारणार, आणि मग सांगणाऱ्याला पाऊण तास बोलायचा हक्क मिळणार. माझ्या लिस्बनप्रेमाचे मूळ या पाऊण तासात आहे, हे चाणाक्ष वाचकाने ओळखले असेलच. पॅरिसवाला फक्त मिरवतो. लिस्बनवाल्याला मिरवता मिरवता शिकवताही येते. पण हेतू खोटा असला म्हणून पुरावा खोटा ठरत नाही. हा सगळा किनारा दोनशे वर्षे पोर्तुगिजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या सैन्याने जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेतला, त्यात मराठा सरदार बाजी भिवराव पडले, आणि मे महिन्यात वसई आली. लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमुसचा भव्य मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, तो पूर्वेकडच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून. त्या व्यापारातली मिरी मलबारची होती, पालघरची नव्हे, हे मान्य. पण वर्गणी कोणत्याही शेजाऱ्याने भरलेली असो, मांडव पाहायचा हक्क सगळ्या आळीचा असतो.

पॅरिसचा वकील इथे उठून म्हणेल की, तारापूरवर पॅरिसचेही उपकार आहेत. आहेत. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालच्या, अमेरिकन बनावटीच्या. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर अमेरिकेने इंधन द्यायला खळखळ सुरू केली आणि १९८२ च्या करारानंतर ते फ्रान्सने पुरवले. म्हणजे काही वर्षे आपल्या ट्यूबलाइटी फ्रेंच युरेनियमवर जळत होत्या. पण तो रोख व्यवहार होता, पैसे चुकते झाले, विषय संपला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्यांना मार देऊन हाकलले, ज्यांच्या धर्मन्यायालयाने गोव्यात लोकांना छळले, त्यांच्या दारी पर्यटक म्हणून जायचे? मला यात कमीपणा दिसत नाही. जिंकलेल्याने हरलेल्याचे घर बघून यावे. (वसई घेतल्यावर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ ला, भूकंपाने लिस्बन कोसळले, या दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरला आहे, याची नोंद व्हावी.) एकाच शेंगेन व्हिसावर दोन्ही उरकू म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला नको. त्यांना शहर बघायचेच नसते, बसची खिडकी पुरते.

माझा हुकमाचा पुरावा मात्र मासळीचा आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. लिस्बनचे लाडके खाद्य म्हणजे बाकल्याव, अर्थात खारवून सुकवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतही नाही. पूर्वी न्यूफाउंडलंडहून आणत, आता बराचसा नॉर्वेहून येतो. तरी ते तो नाताळच्या आदल्या रात्री कौतुकाने रांधतात आणि त्याच्या पाककृती वर्षाच्या दिवसांइतक्या आहेत असे अभिमानाने सांगतात. भर शहरातल्या दुकानांत त्याच्या थप्प्या रचलेल्या असतात आणि त्या वासाबद्दल कोणी नाक मुरडत नाही. आता आपल्याकडे या. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबील दोरीवर वाळतात. ते विकायला निघालेली बाई लगेजच्या डब्याजवळ दिसली की फलाटावरचे लोक रुमाल काढतात. गच्चीवर मासळी वाळवू नये, अशी पाटी लावणाऱ्या सोसायट्या २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशात पहिल्या आलेल्या तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या कुशीत वसल्या आहेत. रात्री दोनला येणाऱ्या रसायनांच्या वासाला आम्ही विकास म्हणतो आणि सकाळच्या सुकटीच्या वासाला घाण. हीच मंडळी लिस्बनमध्ये त्याच कुळातला पदार्थ युरो मोजून, मेणबत्तीच्या उजेडात खातील आणि त्याचा फोटोही काढतील.

याचा मला मनापासून राग येतो. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान दिला आणि पुढच्याच वर्षी डहाणूजवळच्या वाढवणला समुद्रात भराव घालून ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर मंजूर केले. बंदर व्हावे की नाही यावर वाद घालणारे दोन्हीकडे आहेत. पण जाळी कुठे टाकायची, हा कोळ्यांचा प्रश्न वादापुरता नाही. अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, तेव्हा तिथल्या माणसांपुढे दोन शहरांची माहितीपत्रके ठेवून ‘कुठलं आवडतं?’ असे कोणी विचारले नव्हते. कुठे जायचे ते ठरवता न येणे ही आमची सुट्टीतली चैन आहे.

तर, निवाडा लिस्बनचा. बॅग भरताना एवढे लक्षात ठेवा: युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, तेव्हा पेढे घरीच राहतील. सुकी मासळी मात्र माणशी वीस किलोपर्यंत चालते.