लिटरमागे पाच रुपये बारा पैसे

ऑक्टोबर 2015 मध्ये राज्य सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जादा कर बसवला. कारण दिलं दुष्काळाचं. त्या वर्षी बीड जिल्हा दुष्काळात होरपळत होता आणि तो कर बीडकरही भरत होते. पुढे एप्रिल 2017 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली, महसूल बुडाला आणि पेट्रोलवरचा अधिभार आणखी तीन रुपयांनी चढला. दारूची तूट दूधवाल्याने भरून काढायची, हा कुठला न्याय?

दूधवाल्याचं नाव मुद्दाम घेतलं. जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडे तो पहाटेच मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून निघतो, वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करतो आणि संकलन केंद्रावर घालतो. फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) लागेल तसा भाव. तो भाव डेअरी ठरवते, पेट्रोलचा भाव कंपनी ठरवते, कर सरकार ठरवतं. त्याच्या हातात उरतं पंपावर ‘शंभरचं टाक’ म्हणणं. त्या शंभरात आता लिटरही बसत नाही.

गाडी कमी वापरा, असा सल्ला देणाऱ्यांनी आधी वस्तीवर राहून दाखवावं. बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, आणि ती काही धारूरच्या डोंगरातल्या तांड्यावर जाणार नाही. एसटीचं भाडं जानेवारी 2025 मध्ये जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं, फेरी मात्र वेळेवर येईलच असं नाही. अडलेल्या बाळंतिणीला रात्री अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर कुणाची तरी गाडीच काढावी लागते. इथे गाडी ही चैन नाही.

आता कराचं पाहा. मुंबई-ठाण्यासारखा काही भाग सोडून उरलेल्या महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे अधिभार, असा हिशेब 2022 पासून धरलेला आहे. 2024 मध्ये मुंबई-ठाण्यालाही तोच दर लागला. व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे भाव चढला की सरकारची कमाई आपोआप चढते. कच्चं तेल उतरलं तर? एप्रिल 2025 मध्ये ते उतरलं, तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवलं. पंपावरचा आकडा जागचा हलला नाही. महागाई आमच्या वाट्याला, स्वस्ताई तिजोरीच्या.

दिवसाला दोन लिटर जाळणाऱ्या दूधवाल्याकडून नुसत्या त्या अधिभारापोटी महिन्याला तीनशेच्या वर रुपये जातात. आमदाराच्या गाडीला आणि त्याच्या मोटारसायकलला लिटरमागे दर एकच. ज्याची मिळकत कमी, त्याला तो जास्त झोंबतो.

अधिभार कमी करता येत नाही, हे कुणी सांगू नये. हाच अधिभार 10 रुपये 12 पैसे होता. जून 2022 च्या अखेरीस नवं सरकार आलं आणि जुलैत पाच रुपये एका बैठकीत उतरले. उरलेलेही तसेच उतरवा. ते जमत नसेल, तर दुष्काळाच्या नावाने घेतलेल्या पैशातून बीडमध्ये किती पाणी अडलं, याचा तालुकावार हिशेब विधानसभेत मांडा. जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तो मागावा. मत मागायला ते याच रस्त्यांनी येतात.