शंकेची पाल

गेलं वर्षभर आमच्या घरात कोणी काही ठाम बोललं की कोपऱ्यातून टक् टक् आवाज येई आणि स्वयंपाकघरातून सौ. ‘कृष्ण कृष्ण’ म्हणे. पाल चुकचुकली की जमिनीला बोटं टेकून असं म्हणायचं, ही तिच्या आजीपासूनची रीत. यंदा मोहोर उशिरा येणार. टक् टक्. कृष्ण कृष्ण. भावकी वाटणीच्या कागदावर सही करणार नाही. टक् टक्. कृष्ण कृष्ण. यातलं बरंचसं खरंही झालं, म्हणजे सही झाली नाही. पाल कॉम्प्युटरच्या मागे राहते हे आम्हांला ठाऊक होतं, त्यामुळे तिच्या भविष्याला थोडं तांत्रिक वजनही आलं होतं.

कॉम्प्युटर २०१२ सालचा. रत्नागिरीत सुटे भाग जुळवून करून घेतलेला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. ‘नातवंडांपर्यंत पुरेल,’ असं तेव्हा दुकानदार म्हणाला होता. नातवंडं मोबाइल हातात घेऊनच जन्मली, म्हणून तो माझ्यावरच राहिला. मुंबई-पुण्याच्या हापूसच्या गिऱ्हाइकांची यादी, सातबाऱ्याचे उतारे, शिमग्यात पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत त्याचं वेळापत्रक, एवढाच त्याचा संसार. पण जयगडात राहायचं म्हणजे खारा वारा आला. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. त्या मुखावरच्या किल्ल्याचा दगड तेवढा या वाऱ्याला पुरून उरलाय. खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू सगळं हळूहळू भुगा होत असतं. शिवाय लाइट. शेजारी १२०० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे आणि माडाची एक झावळी तारेवर पडली की आमची वाडी अंधारात. दोष वीजकेंद्राचा नाही, माडाचा आहे. पण माडाला कोण बोलणार?

लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरची तारीख थेट २०१२ सालात जाई. माझी हरकत नव्हती. तेव्हा माझे गुडघे बरे होते.

सकाळी तो सुरू व्हायला साडेचार मिनिटं लागत. हे नातवाने मोबाइलवर मोजून सांगितलं. मी कामांवर मोजत असे. बटण दाबायचं, मागल्या दारी जाऊन जास्वंदीची फुलं काढायची, देवापुढे ठेवायची, चहाचं आधण चढवायचं, गडग्याच्या पलीकडून शेजारच्या अण्णांना ‘झोप लागली का?’ विचारायचं आणि येऊन बघायचं, तर पडद्यावर ठिपके अजून गोल फिरतायत. मग चहा गाळायचा.

त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या मोफत दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्या पिढीचा. सोयरीक जमवतानाही माणसं सात पिढ्यांवर थांबतात हो. एका दुकानात विचारलं, तर तिथल्या माणसाने डबा न उघडताच ‘भंगारात द्या, नवीन घ्या’ असा सल्ला दिला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घर जुनं झालं म्हणून आपण पाडत नाही. पावसाआधी शाकारतो, कुजलेला वासा तेवढा बदलतो आणि आणखी वीस वर्षं ‘आता नवीन बांधायला हवं’ असं म्हणत त्यातच राहतो.

माघी गणपतीच्या आसपास खाडीपलीकडून, तवसाळहून, एक मुलगा फेरीबोटीने आला. पाठीवर सॅक, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. डबा उघडला तर आत एका पालीची पूर्ण गृहस्थी: पॉवर सप्लायच्या उबेत दोन अंड्यांची फुटलेली टरफलं, आणि पंख्यावर धुळीची अशी गादी की बाळंतिणीलाही पुरावी. पाल आमच्याकडे बघून, घरमालकिणीच्या तोऱ्यात, भिंतीवर गेली. मुलाने ब्रशने धूळ काढली, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरने घासले, प्रोसेसरवरची वाळून खडा झालेली पेस्ट पुसून नवी लावली. मदरबोर्डवरचा आठ आण्यांच्या नाण्याएवढा सेल बदलला. तो मेल्यामुळे घड्याळ २०१२कडे पळत होतं. म्हणजे माझं तारुण्य तीन व्होल्टच्या उणिवेवर टिकून होतं.

मग त्याने कॉम्प्युटर सुरू करून डब्याला कान लावला. टक् टक्.

‘कृष्ण कृष्ण,’ आतून.

‘काकू, ही पाल नाही, हार्डडिस्क आहे. शेवटच्या घटका मोजतेय.’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वर्षभर एका मरणपंथाला लागलेल्या यंत्राला आम्ही दैवी साक्षीदार मानत आलो होतो. भावकीच्या प्रकरणाचा फेरविचार करावा का, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

मुलगा शहाणा होता. आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि मगच पुढे हात लावला. ‘प्रोसेसर तुमच्या कामाला भरपूर आहे,’ म्हणाला. ‘आळशी आहे ती ही डिस्क. काका, बोट पलीकडे असली तर मी काय करतो?’

‘थांबतोस.’

‘तेच हिचं.’

हार्डडिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. ऐकायला जोरात वाटतं, पण एक फेरा म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंद, आणि हवा तो मजकूर फिरून वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत बाकीच्यांनी जेटीवर बसायचं. एका खेपेला काही वाटत नाही. सुरू होताना अशा हजारो खेपा लागतात. १९५६ साली आयबीएमने या जातीचं पहिलं यंत्र काढलं, तेव्हा दोन-दोन फुटी ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरं मावत आणि धूड एक टनाच्या घरात जाई. त्या मानाने ही चपळच. एसएसडीत मात्र काहीच फिरत नाही. सगळं चिपांमध्ये, हवं ते सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात हातात. म्हणजे खाडीवर पूल. त्याने २४० जीबीची एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा: तो अपुरा पडला की प्रत्येक डबा माळ्यावर ठेवायचा आणि पुन्हा काढायचा. दोन्हींचा खर्च हंगामाच्या सुरुवातीच्या एका हापूसच्या पेटीएवढा. विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं, ज्याला पिढीची चौकशी करायची खोड नाही.

एक गोष्ट सोपी गेली नाही. पालखीचं जुनं वेळापत्रक उघडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा काला. युनिकोड रुळण्याआधी आम्ही ज्या फॉन्टांत मराठी टाइप करत होतो, त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागीच देवनागरीचा तुकडा बसवलेला असे. फॉन्ट गेला की देवनागरी गेली. ग्रामदेवता कधीपासून परग्रहावरची भाषा बोलू लागली, असं वाटलं. रूपांतर करणारं साधन मिळालं, पण त्याने रफार इकडचे तिकडे केले. ते दोन रात्री बसून हाताने लावले. आमच्या गावाची सगळी मानापमानाची भांडणं कुणाच्या नावाआधी कुणाचं नाव यावर असतात. तिथे रफार हलूनही चालत नाही.

आता कॉम्प्युटर वीस-बावीस सेकंदांत उभा राहतो. फुलं काढायला मी दारापर्यंत पोचतो तोवर तो तयार असतो, आणि कोणी ताटकळत असलं की मला फुलं नीट काढता येत नाहीत. तीन दिवसांत अण्णांची झोप विचारायची राहिली, चौथ्या दिवशी तेच गडग्यावरून विचारायला लागले, बरं आहे ना? म्हणून हल्ली बटण सगळं आटोपून दाबतो.

डब्यातली ऊब कमी झाली, आवाज तर नाहीच. पाल दोन रात्री भिंतीवर फिरून गेली, आत जाऊन बघून आली, आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सखाली मुक्काम हलवला. तो भरपूर तापतो. काल रात्री जेवताना मी म्हटलं, ‘चला, आता हा कॉम्प्युटर आणखी दहा वर्षं बघायला नको.’

टक् टक्.

सौ.ने बोटं टेकायला हात खाली नेला, मध्येच थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘आधी उठून बघा, कोण बोललं ते.’