बशी हद्दपार

मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे थरथरणारा हात आळशी माणसाला फार मानवतो. मांडीवर स्वस्थ ठेवला, तर तासन्‌तास गप्प. चहाचा कप उचलायला निघाला, की मात्र त्याच्या अंगात येतं. कप जसजसा तोंडाजवळ येतो तसतशी थरथर वाढते आणि ओठांपाशी पोचेपर्यंत चहाला भरती आलेली असते. पार्किन्सनचं बहुधा उलट: तो हात बसल्या जागी थरथरतो आणि कामाला लावला की निवळतो. शेजारच्या काकांना हा फरक पटत नाही. ते दोन्हींवर अश्वगंधाच सांगतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. लहान मेंदूच्या वाटांवर हे घडलं, की हाताला दुरुस्तीचा निरोप उशिरा मिळतो. 'डावीकडे फार गेलास' हे कळेपर्यंत स्वारी उजवीकडे पोचलेली असते. सरकारी पत्रव्यवहारही असाच चालतो म्हणा, पण त्यात कुणाच्या सदऱ्यावर चहा सांडत नाही.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाची नीट मांडणी केली. त्यांच्या घरी एक मोलकरीण होती. थरथरत्या हातांमुळे तिला दुसरीकडे काम मिळेना, म्हणून यांनी ठेवून घेतली. १८९३ साली शार्को वारले, तेव्हा फ्रॉइडने लिहिलेल्या मृत्युलेखात ही हकिकत आहे. बाईंनी इतक्या बश्या आणि ताटल्या फोडल्या, की डॉक्टरांचा चांगलाच खिसा रिकामा झाला. पण त्यांनी तिला काढलं नाही. ती गेल्यावर त्यांना तिच्या थरथरीचं मूळ याच रोगात दाखवता आलं. चिकाटी थोरच. फक्त अशा बाईच्या हाती फुटणारीच भांडी का दिली, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही सासूने पहिल्याच दिवशी विचारला असता.

गोळ्यांवर आजही फारशी भिस्त नाही. रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल झाली, क्लोनाझेपाम झाली, क्षयावरची आयसोनियाझिडसुद्धा वापरून झाली. कुणाला थोडा गुण येतो, कुणाला नुसती झोप. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांपुरतीच.

तेव्हा खरी कारागिरी घरातच. पहिली हद्दपार होते ती बशी. चहा सांडला तर गुपचूप पुसता येतो, पण बशीचा खडखडाट बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्यांपर्यंत जातो. मग कप जड, तोही अर्धाच भरलेला. कोपर टेबलावर रोवलेलं, मनगटाला वजनाचा पट्टा. झाकणाचा पेला आणि स्ट्रॉ घेतली, तर नातवंडांना आपलाच माणूस वाटतो.

बँकेत सही करायची असेल, तर आधी १५ मिनिटं कोपरापासून मनगटापर्यंत गार पट्टी. हात गार केला की थरथर साधारण अर्धा तास कमी राहते, असं प्रयोगांत दिसलंय. त्या अर्ध्या तासात रिक्षा मिळाली पाहिजे आणि टोकनचा नंबरही लागला पाहिजे. नाही लागला, तर सही जुळत नाही. काउंटरवरचा मुलगा भला असतो. "काकू, घाई नाही, सावकाश करा," असं तो इतक्या मोठ्याने सांगतो, की अख्खी रांग वाकून काकूंच्या हाताकडे बघायला लागते.